उघड्या टू-सीटरमधनं घाटाखाली उतरताना ऊन-पावसासाठी काय काय घ्यावं?

रंकाळा_वारा

नमस्कार मंडळी. माझ्याकडं सॅन स्टॉर्म आहे. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या शेजारी गोव्यात बनलेली छोटी दोन सीटची उघडी गाडी, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बायको निघणार आहोत, कोल्हापूर - राधानगरी - दाजीपूर - फोंडा घाट - कणकवली - मालवण आणि येताना सावंतवाडी - आंबोली - आजरा. त्या दिवसांत हवामान कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे, दुपारपर्यंत डोकं तापवणारं ऊन आणि तीन-चार वाजले की पश्चिमेकडनं ढग भरून येतात आणि वळीव सुरू. म्हणजे उन्हाचं सामान पण पाहिजे आणि पावसाचं पण, आणि डिकीत दोन बॅगा नीट ठेवल्या की संपलं. हूड कापडी आहे पण जुनं झालंय, एका बाजूची शिवण सैल झालीय. नवीन शिवून घ्यावं का ताडपत्री घेऊन जावं का नुसते रेनकोट घालून बसावं, तुम्ही लोक काय काय घेता आणि ते गाडीत कुठं ठेवता तेवढं सविस्तर सांगा. बंद गाडी घेऊन जा असं कृपया कोणी सांगू नका, दाजीपूरच्या जंगलातनं उघड्या गाडीतनं जायचं हे आमचं लई दिवसांचं ठरलंय.

घाटमाथा

मस्त रूट आहे भावा. पहिली गोष्ट, कोल्हापुरात आभाळ मोकळं आहे म्हणून पुढं पण असेल असं धरू नकोस. आपल्या एकाच जिल्ह्यात शिरोळकडं वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि गगनबावड्याला पाच हजाराच्या वर, शेजारच्या सिंधुदुर्गातली आंबोली तर सात हजारांच्या आसपास. ढग समुद्राकडनं येऊन सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, गार होतात आणि तिथंच रिकामे होतात, पूर्वेकडं येईपर्यंत त्यांच्यात काही उरत नाही. वळीव वेगळा, तो जमीन तापून जागेवरच तयार होतो त्यामुळं कुठंही गाठतो, पण धुकं आणि बारीक भुरभुर मात्र घाटमाथ्यालाच जास्त.

माझा नियम असा की हूड लावायचं ते पाऊस बघून नाही, जागा बघून. राधानगरीत चहाला थांबलास की तिथंच पश्चिमेकडं बघ, काळं दिसलं तर तिथंच लाव. पुढं दाजीपूरच्या रस्त्यावर झाडी आहे, वळणं आहेत, गाडी कडेला घ्यायला धड जागा मिळत नाही, आणि भर पावसात रस्त्याच्या मधोमध थांबून दोघांनी हूड ओढायचं म्हणजे मागनं येणाऱ्या एसटीला तुम्ही दिसायला पण पाहिजे ना.

जुनी_जीप

मी आयुष्यभर कापडी हुडाची जीप चालवली आहे, पन्हाळा, गगनबावडा, आंबा घाट सगळीकडे, त्या काळात बंद गाड्या होत्याच किती, आणि कोल्हापूरला उघड्या गाडीचं काय नवल, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते ती बघायला आम्ही लहानपणापासून उभे राहत आलोय. तर माझं स्पष्ट मत असं की पावसाळी हुडाच्या मागे फार लागू नका. जाड प्लास्टिकचा कागद घ्या, लक्ष्मीपुरीत पाहिजे त्या मापाचा कापून देतात, आणि तो दोघांच्या मांडीवरून पायापर्यंत घालून कडा सीटखाली दाबा. वरून टोपी आणि रेनकोट. पाऊस लागला तर लागला, अर्ध्या तासात ऊन पडतं आणि माणूस वाळतो. महत्त्वाचं काय तर इंजिनाचं वायरिंग कोरडं पाहिजे, वायपर चालले पाहिजेत आणि खिशात कोरडं फडकं पाहिजे. बाकी माणूस काही मिठाचा नाही.

सहप्रवासी

काका, आदर ठेवून सांगते, माणूस वाळतो हे चालवणाऱ्याच्या बाजूचं मत आहे. मी वर्षानुवर्षं डावीकडच्या सीटवर बसतेय. चालवणाऱ्याला स्टिअरिंग असतं, लक्ष रस्त्यावर असतं, अंग हलत असतं. शेजारी बसणारा नुसता बसून गारठतो. आणि उघड्या गाडीत वारा समोरनं लागतो असं लोकांना वाटतं पण तसं नसतं, काचेच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि वारा मागनं वळसा घेऊन मानेवर येतो. म्हणून पाऊस पण आधी मानेतनंच आत शिरतो. कागद मांडीवर टाकला तरी मानेचं काय करणार?

रंकाळा_वारा, तुमच्या मिसेससाठी माझ्याकडनं हे घ्या. रेनकोट लांब झग्यासारखा नको, बसल्यावर त्याचा खोळ होतो आणि सगळं पाणी मांडीत साठतं. बाईकवाले घालतात तो दोन तुकड्यांचा रेनसूट घ्या, आणि त्यातली पँट जॅकेटपेक्षा महत्त्वाची, कारण पाठीवरनं ओघळलेलं पाणी शेवटी सीटवर येतं आणि आपण त्या पाण्यातच बसलेलो असतो. रेनकोटची टोपी वाऱ्याने फुगते आणि बाजूचं काही दिसत नाही, त्यापेक्षा डोक्याला घट्ट बसणारी टोपी आणि गळ्याभोवती बफ, म्हणजे नळीसारखा ताणला जाणारा रुमाल. पोंचो तर अजिबात नको, तो फडफडत चालवणाऱ्याच्या तोंडावर जातो. छत्री मात्र एक छोटी ठेवा, गाडीत नाही, गाडीतनं हॉटेलपर्यंत जायला.

आणि उन्हाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगते, मेमध्ये माझ्या मते पावसापेक्षा ऊन जास्त वाईट. गाडी चालू असताना वारा लागतो म्हणून चटका कळत नाही, घाम जागच्या जागी वाळतो, तहान लागत नाही, आणि संध्याकाळी खोलीवर गेल्यावर डोकं ठणकायला लागतं. फुल बाह्यांचे सुती कपडे, सनस्क्रीन एसपीएफ तीसच्या वरचं आणि ते दर दोन तासांनी परत, फक्त तोंडाला नाही तर कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि हाताच्या मागच्या बाजूला. पाण्याची बाटली हाताशी, डिकीत नाही. थांबलं की दोघांनी प्यायचंच, तहान असो नसो.

जुनी_जीप

सहप्रवासी ताई, मानेचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आमच्या जीपला मागं बंद पडदा असायचा म्हणून ते जाणवलं नसेल. उन्हाचंही पटलं. आम्ही ओला पंचा डोक्याला बांधायचो.

धुक्यातून

मी मूळचा राजारामपुरीचा, सध्या इंग्लंडात. माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे, १९८९ साली बाजारात आलेलं मॉडेल. इथं वर्षभर भुरभुर असते त्यामुळे उघड्या गाडीवाल्यांचं निम्मं बोलणं पावसाबद्दलच असतं, त्यातलं जे कोकणात उपयोगी पडेल ते लिहितो.

इथल्या जुन्या गाड्यांना, म्हणजे १९४५ ते ४९ मधल्या एमजी टीसीसारख्या, दाराला वर-खाली होणारी काच नसायचीच. काठ्यांच्या सांगाड्यावर कापडी हूड चढवायचं आणि दारावर प्लास्टिकच्या खिडकीचे सुटे पडदे खोचायचे. लोटस सेव्हन १९५७ मध्ये आली, १९७३ पासून तीच गाडी कॅटरहॅम बनवते, तिच्यात आजही साधारण तोच प्रकार. त्या लोकांना जागाच नसते म्हणून त्यांची पॅकिंगची शिस्त बघण्यासारखी असते. मऊ पिशव्या, कडक सूटकेस नाही. कपडे तोंड गुंडाळून बंद करायच्या वॉटरप्रूफ पिशव्यांमध्ये, त्यामुळे डिकीत पाणी शिरलं तरी काळजी नाही. आणि पावसाचं सगळं सामान सर्वात शेवटी भरायचं म्हणजे ते सर्वात वर येतं. हूड कितीही चांगलं असलं तरी ते दोन बॅगांच्या खाली असेल तर बॅगा रस्त्यावर उतरवेपर्यंत सीट भिजलेली असते.

दुसरी वस्तू टोनो कव्हर. याच्याबद्दल भारतात फार कमी लोकांना माहिती आहे पण माझ्या दृष्टीने हूडपेक्षा त्याचा वापर जास्त होतो. दाराच्या कडेपासून कडेपर्यंत, काचेपासून सीटच्या मागेपर्यंत ताणून बसवायचं सपाट कापड, मधोमध चेन. थांबलं की पूर्ण लावायचं, आत पाऊस नाही, ऊन नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर नाही. एकटे असाल तर चेन अर्धी उघडून चालवणाऱ्याची बाजू मोकळी ठेवायची आणि शेजारची सीट झाकलेलीच, पाय पण उबदार राहतात. गुंडाळलं की उशीएवढं होतं.

हायवेवर बऱ्यापैकी वेग असला तर हलका पाऊस काचेवरून उडून डोक्यावरनं मागे जातो आणि आत फारसा पडत नाही, हे खरं आहे. पण त्याच्या भरवशावर फोंडा घाट उतरू नका. तिथं वळणावळणाला वीस-तीसच्या वर वेग जात नाही. आणि कोरडं राहण्यासाठी ओल्या रस्त्यावर वेग वाढवणं हा उलटाच धंदा आहे.

रंकाळा_वारा

धुक्यातून, टोनो कव्हरची आयडिया लई आवडली. मालवणात गाडी लावून किल्ल्याला जायचं तर होडीने जायला लागतं, तेवढा वेळ गाडी उघडीच राहणार हा प्रश्न होताच. पण हे कव्हर आपल्याकडं तयार मिळतंय का?

कुशनवाला_उद्यमनगर

तयार मिळायची गरज नाही साहेब, शिवून होतंय. आमचं कुशनचंच काम आहे, जीपचे हूड, रिक्षाचे हूड, सीट कव्हर. तुमचं हूड पण बदलायला पाहिजेच असं नाही, शिवण सैल झाली म्हणजे कापड गेलं असं नसतंय. बहुतेक वेळा आधी दोरा जातो, कापड नाही. उन्हानं दोरा कुजतो. हूडाला पॉलिस्टरचा जाड दोरा पाहिजे, साधा सुती दोरा भिजला-वाळला की दोन पावसाळ्यांत तुटतोय. शिवण झाल्यावर आतल्या बाजूनं सीम टेप मारायची, नाहीतर सुईच्या भोकातनं पाणी झिरपतंय आणि लोक म्हणतात हूड गळतंय.

कापडाचं सांगतो. रेक्झिन स्वस्त, पाणी पूर्ण अडवतं, पुसायला सोपं. पण उन्हात नरम पडतंय आणि गारठ्यात कडक, आणि कडक असताना जोरात घडी घातली की तिथं चीर जाते. कॅनव्हास महाग, दिसायला चांगला, हवा थोडी खेळते, पण त्याच्यावर पाणी अडवणारा लेप असतो तो काही वर्षांनी परत मारायला लागतोय. टोनो कव्हर करणार असाल तर माझं मत, वरनं कॅनव्हास आणि कडेला रेक्झिनची पट्टी, कारण टिचबटण कॅनव्हासमधनं ओढून ओढून भोक मोठं होतंय. टिचबटणं पितळेची घ्या नाहीतर स्टीलची, लोखंडी मुलामा दिलेली कोकणात एक पावसाळा टिकत नाहीत. आणि महत्त्वाचं, तुमची बॉडी फायबरची आहे, तिथं बटण ठोकताना मागं वॉशर पाहिजे, नाहीतर फायबरला केसासारखी चीर जाते.

चेनला मेणबत्ती घासायची, सरकन चालती. दाराच्या रबराला मात्र ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगून मऊ पडतंय. सिलिकॉनचं मिळतंय ते लावा, बोटानं पातळ.

मागची प्लास्टिकची काच असंल तर दोन गोष्टी. कोरडी कधी पुसायची नाही, धूळ घासून पांढरी होते, आधी पाणी मारायचं. आणि हूड खाली घेताना काचेवर मऊ टॉवेल ठेवून मग घडी. काचेला चेन असली तर आधी चेन उघडून काच सपाट पाडा.

धुक्यातून

कुशनवाला दादांनी चेनबद्दल अगदी नेमकं सांगितलं. माझ्या मॉडेलला मागची काच चेनचीच आहे. त्यात एक भर घालतो, ओलं हूड घडी घालून ठेवायचं नाही. संध्याकाळी नाइलाजानं खाली घेतलंत तर सकाळी पहिलं काम ते उघडून वाळवणं. दमट हवेत दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते शिवणीच्या धाग्यात बसले की निघत नाहीत. आणि हूडावरचं पाणी वाहून जायला सीटच्या मागच्या कोपऱ्यात भोकं असतात, माझ्या गाडीत तर असतातच, तुमच्यात कुठे आहेत ते शोधा आणि निघायच्या आधी तांब्याभर पाणी ओतून खाली येतंय का बघा. झाडाखाली गाडी उभी राहिली की त्यात पानं आणि मोहोर अडकतो.

पंचगंगेकाठचा

सगळे कपडे-कव्हरबद्दल लिहीत आहेत म्हणून मी दुसरं लिहितो, राग मानू नका. रंकाळा_वारा, तुम्ही वळवाच्या दिवसात निघालाय. वळीव म्हणजे विजा. बंद पत्र्याच्या गाडीत माणूस विजेपासून बराच सुरक्षित असतो कारण वीज पत्र्यावरनं बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. रबरी टायरमुळं नव्हे, सगळीकडनं असलेल्या धातूच्या कवचामुळं. तुमच्या गाडीला वर कापड आणि बाजूला फायबर. म्हणजे हूड लावलं, चेन लावली, आत कोरडे बसलात तरी विजेच्या दृष्टीनं तुम्ही उघड्यावरच आहात. कापडी छपराच्या कुठल्याही गाडीला हे लागू. याच्यावर पिशवीत भरून न्यायचा कुठलाच उपाय नाही. गडगडाट ऐकू आला की जवळच्या पक्क्या घरात, हॉटेलात, देवळात जायचं, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत निघायचं नाही. झाडाखाली गाडी लावायची नाही, जंगलात हे अवघड आहे म्हणूनच सांगतोय, दाजीपूरचा पट्टा दुपारच्या आत पार करा. सकाळी सहाला कोल्हापूर सोडा.

गारा पडायला लागल्या तर पेट्रोल पंपाच्या छताखाली.

आणि पाणी. मेमध्ये नसंल पण हा धागा पुढं कोणी जुलैत वाचणार म्हणून लिहून ठेवतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात निघायच्या आधी हा आकडा बघायचा. २०१९ आणि २०२१ ला पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्यात होता, गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीला पाणी येणं तर आमच्या सवयीचं आहे. वाहतं पाणी एक फूट असलं तरी छोटी गाडी उचललं जातं, आणि तुमच्या गाडीत तर बसलेल्या माणसाचा कोपर रस्त्यापासून हाताच्या अंतरावर. ट्रॅक्टर गेला म्हणून आपण जायचं नाही.

सहप्रवासी

पंचगंगेकाठचा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. विजेचं मला टायरचंच माहीत होतं.

घाटमाथा

+१. आणि सकाळी लवकर निघण्याचा अजून एक फायदा, उन्हाचे दोन तास वाचतात. कणकवलीत जेवायच्या वेळेला पोचता. दुपारी कोकणात उघड्या गाडीनं फिरायचंच नाही, बारा ते चार गाडी सावलीत आणि आपण पंख्याखाली.

काच धुरकटते त्याचं कोणी बोललं नाही. हूड लावून ओल्या कपड्यांनी आत बसलं की पाच मिनिटांत काच आतनं पांढरी. एसी असला तर एसी लावा, त्यानं हवा कोरडी होते. नसला तर बाजूची काच दोन बोटं खाली आणि पंख्याची हवा समोरच्या काचेवर. ओले रेनसूट पायाशी टाकू नका, पिशवीत कोंबून तोंड बांधा. फडकं एक नाही दोन, एक काचेसाठी वेगळं, ते दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. तेलकट फडक्यानं काच पुसली की रात्री समोरच्याचा हेडलाइट सगळीकडं पसरतो.

तांबडा_पांढरा

मी पण विचारून घेतो, माझी गाडी सॉफ्ट टॉपची थार आहे, टू-सीटर नाही, पण रात्री गाडीवर पूर्ण कव्हर घालावं का? हॉटेलवाल्यांकडं शेड नसते.

कुशनवाला_उद्यमनगर

पूर्ण प्लास्टिकचं घालू नका. जमिनीतली वाफ वर येते, आत अडकते, सकाळी कव्हर काढलं की गाडी आतनं ओली. थोडी हवा जाणारं कापड पाहिजे, खाली इलॅस्टिक आणि पोटाखालनं एक पट्टा, नाहीतर वाऱ्यानं रात्रभर फडफडून रंग घासतोय. टू-सीटरवाल्यांना पूर्ण कव्हर न्यायला जागा नसते, त्यांना नुसतं हूड आणि पुढची काच झाकेल एवढं अर्धं कव्हर करून देतो आम्ही, दारात कडा दाबायच्या. ते पुरतं.

रंकाळा_वारा

सगळ्यांचं वाचून काय काय केलं ते सांगतो. हूड शिवायला दिलंय, नवीन दोरा आणि आतनं टेप. टोनो कव्हर माप देऊन आलोय, काळं नको फिकट राखाडी करा म्हटलं, उन्हात कमी तापेल म्हणून. दोन रेनसूट बाईकवाल्यांच्या दुकानातनं घेतले. आता प्रश्न जागेचा. दोघांच्या सीटमागं हात जाईल एवढी फट आहे, तिथं काय ठेवू?

धुक्यातून

तिथे फक्त तेच जे गाडीत बसल्या बसल्या लागणार. रेनसूट, काचेचं फडकं, बफ. टोनो कव्हर गुंडाळून शेजारच्या सीटच्या पायाशी उभं. डिकीत तळाला कपड्यांच्या पिशव्या, कारण त्या मुक्कामालाच उघडायच्या. मध्ये हत्यारं आणि फर्स्ट एड, सर्वात वर हूडाचं काही सुटं असेल ते आणि एक जुना टॉवेल. कागदपत्रं आणि मोबाइल चेनच्या प्लास्टिक पाकिटात अंगावर.

एकदा घरासमोर सराव करा. दोघांनी मिळून, हूड लावायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, कोण कुठली कडी लावणार ते ठरवून ठेवा. एका मिनिटाच्या आत आलं पाहिजे.

जुनी_जीप

आणि माझा प्लास्टिकचा कागद न्याच. घडी घातली की वहीएवढा होतो. टायर बदलायला गुडघ्याखाली घ्यायला, ओल्या सीटवर टाकायला, डिकीच्या तळाशी अंथरायला, कशालाही चालतो. पायात कोल्हापुरी घालून गाडी चालवू नका, ओलं कातडं पेडलवरून घसरतं आणि चपलेचंही वाटोळं होतं. ती पिशवीत भरून तिकडे फिरायला घाला, चालवताना पट्ट्याचं सँडल.

रंकाळा_वारा

जाऊन आलो. लगेच लिहायला बसलोय कारण तुमच्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही कामाला आलंय.

पहाटे निघालो, राधानगरीला पोचलो तेव्हा हवेत गारवा होता, बायकोनं बफ आणि जाकीट घातलेलं. दाजीपूरचा पट्टा पूर्ण उघडा केला, काय सांगू, वरती झाडांच्या फांद्या आणि ओल्या पाचोळ्याचा वास, शेकरूची वाळकी पानं-काटक्यांची घरटी बसल्या जागेवरनं मान वर करून दिसायची, बंद गाडीतनं हे कधी दिसलं नव्हतं. फोंडा घाट उतरायला लागलो आणि खालनं गरम हवा अंगावर यायला लागली, प्रत्येक वळणाला एक एक कपडा कमी. कणकवलीला पोचल्यावर टोनो कव्हर लावून जेवायला गेलो, परत आलो तर सीटला हात लागत होता. आधी उन्हात लावल्यावर त्या काळ्या रेक्झिनवर बसता यायचं नाही आणि बेल्टचं बक्कल तर हातात धरवायचं नाही. सहप्रवासी ताई, तुम्ही उन्हाबद्दल लिहिलं नसतं तर आम्ही सनस्क्रीन घेतलंच नसतं.

पाऊस येताना आला, आंबोलीच्या वर. सावंतवाडीतच आभाळ भरलेलं बघून, घाटमाथाचं ऐकून, चहाच्या टपरीसमोर हूड लावून घेतलं. घाटात धुकं आणि भुरभुर. आजऱ्याच्या अलीकडं वळीव असा कोसळला की वायपर पुरेनात, आणि गडगडाट चालू झाला. एका हॉटेलात शिरलो, मालकानं भजी तळली, तासभर बसलो. बाहेर आमच्यासारखाच एक बाईकवाला थांबलेला, त्याला विजेचं आणि टायरचं सांगितलं. शिवणीतनं एक थेंब आत आला नाही. कुशनवाला दादा, तुमच्या हाताला मानलं.

दोन गोष्टी नव्यानं कळल्या त्या इथं टाकतो. एक, चष्मा. गॉगल घालून निघालो आणि घाटात धुक्यात शिरल्यावर गॉगलनं काही दिसेना, काढला तर वाऱ्यानं डोळ्यात पाणी. पांढऱ्या काचेचा साधा चष्मा बायकोच्या पर्समध्ये होता म्हणून भागलं, तो पण यादीत पाहिजेच. दुसरी, ट्रकच्या मागनं उडणारा लाल चिखल. पाऊस थांबला तरी रस्ता ओला असतो आणि आपण एवढे खाली बसलेलो असतो की ट्रकच्या चाकाचं सगळं तोंडावर येतं. पाऊस थांबला म्हणून लगेच हूड काढायचं नाही, रस्ता वाळल्यावर काढायचं.

घाटमाथा

नाद खुळा! लाल चिखलाचं शंभर टक्के. ट्रकच्या मागं राहायचंच नाही, अंतर सोडून द्यायचं, एखादा मधी घुसला तरी चालेल.

तांबडा_पांढरा

वाचून मजा आली राव. आता डिसेंबरात आम्ही दोन-तीन उघड्या गाड्या मिळून पहाटे पन्हाळा करायचं म्हणतोय. थंडीचं काय?

सहप्रवासी

थंडीत उघडी गाडी सर्वात छान. काचा वर, हीटर पायाला, वरनं मोकळं. कानटोपी, हातमोजे आणि मांडीवर घोंगडं. घोंगडं जागा खातं पण दवानं ओलसर झालं तरी ऊब देतं, आणि सीटवर अंथरूनच ठेवलं तर वेगळी जागा लागत नाही. उसाच्या ट्रॉल्यांकडं लक्ष ठेवा, पहाटेच्या धुक्यात मागनं त्या दिसत नाहीत, सगळ्यांच्या मागं रिफ्लेक्टर असतोच असं नाही. फड पेटवलेला असला की काजळी उडते, ती डोळ्यात जाते, तिथं चष्मा आणि बफ दोन्ही.

कुशनवाला_उद्यमनगर

थार असलेल्यांनी थंडीत सकाळी सकाळी रेक्झिनचं हूड जोर लावून ताणू नका. कडक झालेलं असतंय. थोडं ऊन लागू द्या मग बटण लावा. आणि एक विनंती सगळ्यांना, हूडाचं काम काढायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्ये गाडी आणा. जूनचा पहिला पाऊस पडला की सगळा गाव एकदम येतोय, मग घाईत काम करायला लागतं आणि टेप नीट वाळायला दिवस मिळत नाही. गाडी आणताना हूड चार दिवस आधी वर करून ठेवा, घडीत आखडलेल्या कापडाचं माप चुकतं.